वाट विचारणारा रेवण

आमचा रेवणसिद्ध सोलापुरात जन्मला, सोलापुरात वाढला, आणि भर नव्या पेठेत उभा राहून लोकांना विचारायचा, "नवी पेठ कुटं आली ओ?" त्याचं स्वतःचं चादरींचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

आणि विचारायचा तरी कुणाला? शहाण्यासुरत्या माणसाला नव्हे. पायरीवर मान खाली घालून बसलेला, फाटकं घोंगडं पांघरलेला, भिंतीला टेकून पेंगणारा, असला कुणीतरी तो नेमका हुडकून काढायचा. उत्तर मिळालं की "व्हय का? बरं की," म्हणून परत यायचा. हटकलं तर वाक्य ठरलेलं, "इचारल्यानं जीभ झिजत न्हाय की."

असल्या माणसाबरोबर मी सोलापूर ते कन्याकुमारी मोटारीनं निघालो, ही माझ्या आयुष्यातली एकमेव शूर गोष्ट. शहात्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी म्युनिसिपालटीत कारकून, जात्याच भित्रा. गाडी आमच्या गफूरची. त्याचं गॅरेज होतं आणि एक जुनी अँबॅसिडर त्यानं स्वतःच्या हातानं उभी केली होती. "ब्रेक थोडा लेट लगता, बाकी रानी है," हे त्यानं मला विजापूर ओलांडल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी घरीच राहिलो असतो.

रेवणनं पहिल्या दिवसापासून सपाटा लावला. सरळसोट रस्ता, कडेला मैलाचे दगड, तरी दर पाच मैलांवर "गफूर, थांब की जरा." गाडी थांबायच्या आत याचा एक पाय बाहेर. मग उकिडवं बसून, समोरच्याच्या चेहऱ्याला चेहरा भिडवून, कानडीत चौकशी. गफूर कपाळावर हात मारायचा. "अरे, रस्ता नाक के सामने है, काय कू पूछता रे?"

चौथ्या दिवशी म्हैसूर सोडलं. सत्यमंगलमचा घाट अंधाराच्या आत उतरायचा होता. जंगलात हत्ती आहेत, पाचनंतर रस्त्यावर राहू नका, असं हॉटेलवाल्यानं बजावलं होतं. एका फाट्यावर पाटी मोडून पडलेली. झाडाखाली एक म्हातारा. रेवण उतरला, बराच वेळ वाकून राहिला आणि परत येऊन म्हणाला, "डावीकडं."

डावीकडचा रस्ता आधी अरुंद झाला, मग कच्चा, मग नुसत्या चाकोऱ्या उरल्या. ढग खाली उतरले. दोन्ही बाजूंना बांबूचं रान, गाडी वळवायला जागा नाही. आणि समोर, मधोमध, हत्तीची लीद. तिच्यातून वाफ निघत होती.

गफूरनं इंजिन बंद केलं. बांबूत काहीतरी कडाडलं. मी सिद्धेश्वरापासून सुरुवात करून आठवतील त्या सगळ्या देवांना नवस बोलून टाकले.

"रेवन," गफूर दबक्या आवाजात म्हणाला, "बुड्ढे ने क्या बोला था? लेफ्ट बोला के राइट?"

रेवण म्हणाला, "मी ऐकलंच न्हाय."

"तो इतनी देर क्या कर रहा था उधर?"

"बगत हुतो."

"क्या?"

"तोंड."

रेवणचा थोरला भाऊ मल्लाण्णा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. का गेला, ते रेवण कधी बोलला नव्हता. ते तो त्या लिदीसमोर बोलला.

"आईच्या मातीला अण्णा पोचला न्हाय. तिसऱ्या दिवशी आला. मी दारातच आडवलं. म्हनलो, पुना तोंड दावू नको. त्यानं ऐकलं की रे." मग म्हणाला, "तार त्याला उशिरा घावली हुती. मला मागनं कळलं. वाट इचारली की मानूस तोंड वर करतो. म्हनून इचारतो."

कुणा ट्रकवाल्यानं अण्णाला म्हैसूरच्या बाजूला पाहिलं होतं म्हणे. कन्याकुमारीचा बेत रेवणच्याच डोक्यातून का निघाला, ते मला आता कळलं. त्याची कीव आली आणि रागही आला. त्याच्या भावापायी आम्ही हत्तीच्या पायाखाली जाणार होतो.

गफूर मान बाहेर काढून गाडी मागं मागं घेऊ लागला. फर्लांगभर आलो असू. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर एक माणूस येऊन बसला होता. डोक्यावरून पोतं, मान खाली, एक पाय दुमडून मांडीखाली घेतलेला.

"चल, उतर. इस बार सुन के आ," गफूर म्हणाला.

रेवण हलला नाही. "अण्णा असाच बसायचा," तो मला म्हणाला. "तू जा. तू बी वळखतोस त्याला. मला भ्या वाटतंय."

"हत्तीचं?"

"त्यो असला तर? आन त्यानं तोंड फिरवलं तर?"

मी उतरलो. बांबूतला आवाज चालूच होता, पण आता मला पोत्याखालच्या चेहऱ्याची जास्त भीती वाटत होती. तो मल्लाण्णा असावा की नसावा, देवाकडं काय मागावं तेच कळेना. मोडक्या कानडीत वाट विचारली. माणसानं मान वर केली. बोळकं तोंड, चिपडलेले डोळे. मल्लाण्णा नव्हता. फाट्यापर्यंत मागं जा आणि उजवीकडं वळा, असं त्यानं हातानं दाखवलं.

परत आलो तर रेवण सीटवर खाली वाकून बसलेला.

"नाही रे," मी म्हणालो. "दुसराच आहे कुणीतरी."

त्यानं श्वास सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्यानं विचारलं, "जेवलाय का त्यो?"

"ते कुठं विचारलं मी?"

रेवणनं डबा उघडला. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, घरून आणलेलं उरलंसुरलं सगळं फडक्यात बांधलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि दार उघडून चालू लागला. मोरीवर त्या माणसाशेजारी जाऊन बसला. माणूस भाकरी मोडून पाण्यात भिजवून खाऊ लागला. रेवण त्याला कानडीत म्हणत होता, सावकाश खा अण्णा, सावकाश.

ढग आणखी खाली आले होते. गफूरसुद्धा भ्याला होता, माझं तर विचारूच नका. पण गाडीतून रेवणला हाक कुणीच मारली नाही.