चार मजली केक दोनदा चालविल्याची बखर

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. पाक जळू न देणारी आणि दूध नासू न देणारी जी माउली, तिचे चरणी मस्तक ठेवून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध दशमीस मिष्टान्नराज्यात जे वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहितो.

त्या राज्यी दरसाल टीव्हीवर गोडाचे युद्ध होई, आणि केककारीण अनघाबाई परुळेकर गतसाली अंतिम फेरीत केक घेऊन निघाल्या, तो हातातून सुटून परीक्षकांचे पायी पडला. ते चित्र घरोघरी मोबाइलावर फिरले, आणि मग बाई पाण्याची बाटली घेऊन निघाल्या तरी रस्त्यात लोक 'ताई, सांभाळून!' म्हणू लागले, आणि अंडीवाले सत्तारभाई तर अंड्यांचा ट्रे त्यांचे हाती न देता माणसाकरवी घरी पोचवू लागले. बाईंस केक पडल्याहून हेच अधिक लागले. तो डाग धुवावा म्हणून यंदा पुन्हा उभ्या राहिल्या.

सहा तास झुंजून चार मजल्यांचा केक सिद्ध केला, वर साखरेच्या काचेचा कळस चढविला, आणि मग ओट्यापासून परीक्षकांचे चौरंगापर्यंत एकवीस पावले हातांवर चालविला. केक पोचला. सभेने श्वास सोडिला. तोच दिग्दर्शक महाराज वदले, "मॅडम, सॉरी हं, मागचा जाहिरातीचा बोर्ड फ्रेममध्ये आला नाही. केक ओट्यावर नेऊन परत एकदा आणा ना, प्लीज."

आम्हांस तर त्या बोर्डाचा ऐसा संताप आला की सांगता पुरवत नाही. सेवकांनी केक मागे नेला, पण बाईंचे हात आता गळाले होते, आणि डोळ्यांत पाणी उभे राहिले. तेव्हा प्रेक्षकांत बसल्या त्यांच्या मातोश्री, मालवणाकडील, भर दरबारात ओरडल्या, "अगो, हातात कित्याक धरतंस? डोक्यार घे! इतकी वर्सां पाण्याची हंडी हाडलंस, कधी सांडली?"

बाईंनी अॅप्रन सोडिला, पिळून त्याची चुंबळ केली, डोईवर ठेविली, आणि दोघां सेवकांकरवी केक वर चढविला. मग मान ताठ, हात मोकळे, नजर समोर, ऐशा चालल्या की जणू विहिरीवरून पाणी घेऊन घरी निघाल्या आहेत. कळस हलला नाही. केक चौरंगी उतरला, आणि मातोश्री पदराने तोंड पुसून "आता बरां वाटलां" ऐसे बोलत खाली बसल्या. आम्हीही खुर्चीचा हात सोडिला.

तात्पर्य, पहिले बक्षीस दुसऱ्या कोणा सरदारास गेले, बाई दुसऱ्या आल्या, त्याची खंत कोणी केली नाही. दुसरे दिवशी बाई अंड्यांच्या दुकानी गेल्या. सत्तारभाईंनी तीस अंड्यांचा ट्रे उचलून त्यांचे हाती दिला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. इति.