डॉक्टरांच्या छातीवरची पुरचुंडी

शवपेटीतल्या डॉक्टर स्त्राहिल देनेव यांच्या वरच्या खिशातून दात तपासायचा छोटा आरसा डोकावत होता, आणि त्याच्या दांड्यावर तपकिरी डाग होता. शेवटचं दर्शन घ्यायला वाकलेली झ्द्राव्का तशीच वाकून राहिली. एकतीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात हत्यारं धुणाऱ्या बाईला वाळलेलं रक्त ओळखायला चष्मा लागत नाही.

परवा पेशंटचे दात तपासता तपासताच डॉक्टर कोसळले. झ्द्राव्का त्यांच्यामागे इस्पितळात धावली, आणि तो ट्रे आयुष्यात पहिल्यांदा न धुता राहिला. जाणाऱ्याबरोबर त्याच्या रोजच्या हातातली वस्तू द्यायची, म्हणून त्यांच्या बायकोने, डॉक्टरीणबाईंनी, सकाळी त्याच ट्रेमधला आरसा उचलला होता. आता बोला.

झ्द्राव्काने आरसा काढून पर्समध्ये टाकला.

"मेलेल्याचा खिसा मारते ही," मागची म्हातारी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी पुटपुटली.

"धुवून आणते," म्हणत झ्द्राव्का, रांगेतल्या सगळ्यांसारखी हातात धरलेल्या पेटत्या मेणबत्तीसकट, चर्चबाहेर पडली.

दवाखाना समोरच होता. तिने आरसा भिजत घातला, आणि राहवेना म्हणून ट्रेमधले चिमटे, पक्कडीही घातल्या. ब्रशने घासायला लागली तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. मागोमाग फादर गेरासिम. त्यांना एक वाजता शेजारच्या गावात बाप्तिस्म्याला पोचायचं होतं.

"झ्द्राव्का, वेड लागलं का तुला? ते गेलेत. आता कुणाला रोग लागणार आहे?"

"आणि आरसाच होता ना?" फादर म्हणाले. "हे एवढं कशाला?"

"संच मोडत नाही आम्ही."

"मग टाक थेट वाफेच्या यंत्रात. जंतू मरतील, आपण मोकळे."

"जंतू मरतात, फादर, घाण तिथेच राहते. आधी घासायचं, मग वाफ. घाण तशीच उकळली तर नुसती गरम घाण होते, असं डॉक्टर म्हणायचे." तिचा आवाज फाटला. "रोज एकेक हत्यार भिंगाखाली धरायचे. डाग दिसला की परत माझ्याकडे. कधी छान म्हणून म्हटलं नाही. आज बघणार नाहीत म्हणून त्यांना असंच पाठवू?"

ती रडत होती, पण घासायची थांबली नव्हती. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कोरडं फडकं पुढे केलं.

भिंगाखाली पक्कडीच्या सांध्यात एक ठिपका निघाला. पुन्हा घासणं, पुन्हा धुणं. खड्डा खणणाऱ्यांचे दोन फोन येऊन गेले. शेवटी सगळं जाड कापडात बांधून यंत्रात गेलं. पाऊण तास. नंतर ते थंड होईपर्यंत हात लावायचा नाही, असा डॉक्टरांचा कडक नियम.

"थंडबिंड काही नाही," फादर म्हणाले. "चल."

झ्द्राव्काने पहिल्यांदाच नियम मोडला. दोन हातमोजे चढवून पुरचुंडी उचलली, पळत नेली आणि डॉक्टरांच्या कोटाच्या आत, छातीवर ठेवली. फादरांनी उरलेली प्रार्थना भरभर उरकून पुस्तक मिटलं.

डॉक्टरीणबाई कपाळाचं चुंबन घ्यायला वाकल्या. कोटावर तळहात टेकवला आणि तो तिथेच राहिला. लोक चुळबुळू लागले.

"बाई, झाकण लावायचंय," फादर हळूच म्हणाले.

"हे गरम लागतायत," त्या म्हणाल्या.

तळहात न उचलता त्यांनी मान वळवली.

"झ्द्राव्का, किती वेळ राहील गं?"

"कोट जाड आहे. पंधरा मिनिटं तरी."

फादरांनी घड्याळ बाहीत सारलं, पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि सगळी प्रार्थना पुन्हा, अगदी सावकाश, म्हणायला घेतली.