कापगत्यांचा कोहळा

आमचे शेजारी धनलाल कापगते यांच्या अंगणात पाऊल टाकले, की "या, बसा" ऐकू येण्याआधी एक आकडा ऐकू येत असे.

"एकशे दहा." आणि मग, "या गुरुजी, बसा."

एखाद्या दिवशी "नव्वद" ऐकू आले, तर बसण्याचे आमंत्रण लांबले असे समजून मी उभाच राहत असे. उतरलेला आकडा पुन्हा वर चढेपर्यंत धनलालभाऊंना माणसे दिसत नसत.

हे तापमान त्यांच्या कोहळ्याचे. कोहळा म्हणजे चिनीमातीची, जाड भिंतींची, अंड्याच्या आकाराची एक भट्टी. पोटात कोळसा, त्यावर जाळी, वर घट्ट बसणारे झाकण, आणि खाली वारा आत येण्यासाठी एक छोटी खिडकी. मुलीच्या हैदराबादच्या घरमालकाने ती टाकून द्यायला काढली होती. भाऊंनी ती ट्रकने कोहमाऱ्याच्या नाक्यापर्यंत आणली आणि तिथून ट्रॅक्टरमध्ये धानाच्या तणसाच्या गादीवर निजवून गावात मिरवत नेली. कोणाला ती बियाण्याची कणगी वाटली, कोणाला पाण्याची टाकी. एका म्हातारीने लांबूनच हात जोडले. शेवटी गावाने तिचे नाव कोहळा ठेवले आणि विषय मिटवला.

भाऊंची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर गेली. धानाला पाणी हवे झाले की शेतकरी गेटवर येऊन हातघाईवर येत, आणि भाऊ खिशातल्या किल्लीवर हात ठेवून एकच वाक्य ऐकवत, "गेट मी खोलीन तवाच खुलन." निवृत्तीनंतर खोलायला गेट उरले नाही. कोहळ्याच्या खिडकीत त्यांना ते पुन्हा सापडले असावे.

"आगीलेही पाट लागते, गुरुजी," ते मला समजावीत. "वारा जास्त सोडला का आग बांध फोडते. थोडा थोडा सोडला तं दिवसभर पुरते. मटन घाईनं शिजवाची गोष्ट नोहे."

मी मान डोलावीत असे आणि हसत असे, अर्थात मनात. माझे हसणे नेहमी मनातच होते, आणि मनातले हसणे उघड हसण्यापेक्षा अधिक कठोर असते, हे मला फार उशिरा उमगले.

अडचण एवढीच होती, की खिडकी सतत कमीजास्त करीत कोहळ्यापाशी बसावे लागे. भाऊंना हे मान्य नव्हते. कोणीही जवळ न बसता आच जागच्या जागी राहिली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. कारण विचारले तर म्हणत, "कायले बसाचं? आग काय लेकरू आहे?"

यावर त्यांनी गोंदियातून एक डबी आणली. दुकानदाराने प्रामाणिकपणे बजावले होते, "चाचा, ये धान सुखाने की मशीन का है, मटन का नहीं." त्यावर भाऊंचे उत्तर, "भैया, उसको क्या मालूम अंदर क्या रखा है." डबीची एक तार कोहळ्याच्या पोटात जाई आणि दुसरी कॉम्प्युटरमधून काढलेल्या एका चिमुकल्या पंख्याला. तापमान उतरले की पंखा घुर्र करून निखाऱ्यांना वारा घाली, चढले की गप्प बसे.

डबी खरे बोलते की नाही, याची परीक्षा माझ्यावर झाली. "गुरुजी, काख द्या," असे म्हणून त्यांनी ती तार माझ्या बगलेत खोचली. आकडा पाहून म्हणाले, "घरी जाऊन निजा. ताप आहे तुमाले." मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हो म्हणाले. डबीवरचा भाऊंचा विश्वास त्या दिवशी पक्का झाला, आणि माझा थोडा.

पहिला प्रयोग मात्र काळा निघाला. तारेचे टोक आत खोचायचे राहिले आणि ते खिडकीबाहेरच लोंबत राहिले. बाहेरची गार हवा मोजून डबीने पंखा सुसाट सोडला, आणि झाकण उघडले तेव्हा कोळसा कोणता आणि कोंबडी कोणती, याचा निवाडा करता येईना. शेवटी भाऊंच्या पत्नी यमुनावहिनींनी चूल पेटवली. भाऊ त्या चुलीकडे बराच वेळ पाहत राहिले. कोंबडीचे दुःख इतके लांबावे याचे मला नवल वाटले होते.

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव भरणारी ही जत्रा. त्या दिवशी गावाच्या मधोमध दंडारीचा नाच, बांगड्यांची आणि शिंगाड्यांची दुकाने, घरोघर पाहुणे आणि प्रत्येक चुलीवर मटण. भाऊंकडे सालेकशाहून वहिनींचे थोरले भाऊ भिवरामजी सहकुटुंब येत. त्यांच्या तोंडी टोमणा नसेल, तर त्यांना बरे नाही असे समजावे.

सकाळी बकऱ्याच्या दोन अख्ख्या मांड्या मसाला लावून कोहळ्यात गेल्या. भाऊंनी जाहीर केले, की आज चुलीपाशी कोणी बसणार नाही, आणि गाई घरी येण्याच्या वेळेपर्यंत झाकणही उघडणार नाही.

भिवरामजी पाय पसरून म्हणाले, "भाटवे, आमी तुमाले बहीण देल्ली अन् तुमी आमाले डबीच्या भरोशावर जेवाले बोलावता? कच्चं निंगालं तं हा कोहळा मी घेऊन जाईन. बकऱ्याइले पाणी पाजाले बरा आहे."

"घेऊन जा," भाऊ शांतपणे म्हणाले. त्यांनी एक जुने कुलूप आणले, झाकणाच्या कडीत अडकवले, आणि किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली. "पदराले बांध अन् जा मंडईत. सारी पाहून ये."

वहिनी किल्लीकडे पाहत राहिल्या. "अन् भात?"

"भाताचं पाहून घेऊ."

वहिनी भावजयीला घेऊन गेल्या. मंडईच्या दिवशी वहिनींना वापरातले सोडून दुसरे लुगडे नेसलेले मी प्रथमच पाहत होतो.

दुपारी भारनियमनाने वीज गेली. भिवरामजींचा चेहरा उजळला. पण पंखा घुर्र करीतच राहिला. त्यांनी तारेचा माग काढला तो ट्रॅक्टरपाशी पोहोचला, आणि ट्रॅक्टरची बॅटरी त्या सकाळपासून कोहळ्याच्या सेवेत असल्याचे उघड झाले.

"एकशे दहा," भाऊ म्हणाले. भिवरामजींनी पसरलेले पाय जवळ घेतले.

गाई परतल्या. वास असा सुटला होता, की पलीकडच्या घरचे पाहुणे कुंपणाशी येऊन हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. किल्ली मात्र आली नाही. भिवरामजी दोनदा उठून कुलूप ओढून पाहून आले. भाताची जबाबदारी भाऊंनी त्यांच्यावर आणि माझ्यावर टाकली. तांदळात पाणी किती घालतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. माझ्या घरी एवढ्या वर्षांत एवढा भात शिजला आणि मला हे ठाऊक नसावे, याची मला भिवरामजींसमोरही लाज वाटली.

शेवटी धुराने डोळे चोळत भिवरामजी कडाडले, "पोट्ट्याले धाडून बोलवा ना तिले. भूक लागून राह्यली."

"नाही बोलवाचं," भाऊ म्हणाले. कालव्यावर बोलत तसाच तो आवाज होता, पण थोडा खाली उतरलेला. "लगन होऊन आली तवापासून या गावची मंडई तिनं पाह्यली नाही, भिवरामजी. दरसाल तुमी खाल्लं, मी खाल्लं, अन् ते चुलीपाशी होती. दंडारीचा ढोल आइकूनच समजून घेत होती, आता कोन नाचून राह्यलं. आज पाहू द्या. मटनाले काही होत नाही. डबी सांभाळून राह्यली."

भिवरामजी खाली बसले आणि चुलीत फुंकर घालू लागले.

दिवेलागण होता होता वहिनी आल्या. हातभर हिरव्या बांगड्या, ओटीत शिंगाडे, आणि मुलीसारखा घामेजलेला चेहरा. अंगणातली उपाशी माणसे पाहून त्या चपापल्या, किल्ली घाईघाईने सोडू लागल्या आणि गाठ अधिकच आवळली. भिवरामजींनी पुढे होऊन ती स्वतः सोडवली.

कुलूप निघाले, झाकण वर गेले. भाऊंनी चिमट्याने हाड धरले, आणि हाड एकटेच वर आले. मटण जाळीवरच राहिले. कुंपणापलीकडून कोणीतरी "वा" म्हणाले. भिवरामजींनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्यानंतर विचारले, "भाटवे, हे डबी गोंदियात कुठं भेटते?" आमचा भात चिखल झाला होता, तोही संपला.

मी हात धुऊन परतलो, तेव्हा वहिनी पायरीवर पहिल्यांदाच सर्वांच्या बरोबरीने जेवून बसल्या होत्या. कोहळ्याचे झाकण उघडेच राहिले होते, आणि डबीवरचा आकडा भराभर उतरत होता. मी भाऊंना तो दाखवायला वळलो. त्यांची पाठ डबीकडे होती.

"हं," ते वहिनींना म्हणत होते, "दंडारीत पह्यले कोन नाचलं? सुरुवातीपासून सांग."