चप्पल काढून ब्रेक

पार्वताबाईंनी वर्षभर दर शनिवारी मारुतीला नारळ फोडला, तो लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी. आरतीनं त्याच नारळांच्या करवंट्या दळून मोटारसायकलच्या ब्रेकचा पट्टा बनवला, म्हटल्यावर त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्या भुकटीत अभ्रक, ग्रेफाइट, कसलीशी जड पांढरी माती असंही बरंच काही होतं, पण वलगावभर त्या सांगत एकच, "आमच्या आरतीची गाडी मारुतीराया थांबवते."

ब्रेकच्या परीक्षेच्या सकाळी त्या गाडीला कुंकू लावत होत्या. गाडी चालवायची होती त्यांच्या नवऱ्यानं, महादेवरावांनी. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, अन् बाईंचा हात तिथंच थबकला.

"अवो! देवाचा नारळ चपलेखाली?"

"मंग काय डोक्यानं दाबू?"

"माय, मागचा ब्रेक पायाचाच असते," आरती म्हणाली.

"असू दे. पण चप्पल काढून."

महादेवरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि चप्पल काढली.

अमरावतीच्या कॉलेजच्या मैदानावर ऊन नुसतं भाजून काढत होतं. महादेवरावांना अनवाणी पाहून दुसऱ्या गाडीवाल्यानं विचारलं, "काका, चप्पल काहून काढली?"

"इथं चप्पल चालत नाई, बाबू," पार्वताबाई हळूच म्हणाल्या.

त्यानंही काढली. मग त्याच्या मागच्यानं. बघता बघता देवळासारखा ढीग लागला. परीक्षक आले, ढिगाकडे पाहून जरा घुटमळले आणि मुकाट्यानं बूट काढून उभे राहिले.

गाडी पांढऱ्या रेषेआधी थांबली तर आरती पास. महादेवराव सुसाट आले, उन्हानं तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवला, "आई गंऽ" करून उचलला. गाडी रेषेपार! दुसऱ्यांदाही तेच. आरतीचं तोंड एवढंसं झालं.

"आता शेवटची संधी," परीक्षक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले.

महादेवरावांनी गाडीच बंद केली. "आरतीची माय, ह्या करवंट्या देवाच्या नाईतच! तुयावाल्या म्या हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्याले जाळल्या. ह्या बडनेऱ्याच्या इडलीवाल्याच्या हायत, म्याच आणून ठेवल्या!"

पार्वताबाई लेकीकडे वळल्या.

"म्हंजे, यात देवाचं काईच नाई?"

"मले तरी कुठं मालूम होतं, माय! पण काय किती घालायचं, ते समदं मीच ठरवलं."

पार्वताबाई ढिगाकडे गेल्या. नवऱ्याच्या चपला हुडकून त्यांनी त्याच्या पायांशी ठेवल्या.

"घाला. आन् दाबा कचकावून. मायी पोरगी गाडी कशी थांबवते, ते पाहू द्या लोकायले."

गाडी आली, रेषेच्या वीतभर अलीकडे खुंटा ठोकल्यासारखी उभी राहिली. आरतीला हसावं की रडावं कळेना.

परीक्षकांनी अदबीनं पार्वताबाईंना विचारलं, "बाई, आता आम्ही बूट घालू का?"

बाईंना ऐकूच गेलं नाही. त्या बाजूच्या गाडीवाल्याचा दंड धरून सांगत होत्या, "इडलीवाल्याच्या करवंट्या, बाप्पा! आन् तरी थांबवली पोरीनं!"