गुजरसाहेबांचा सातवा घोडा

गुजरसाहेब रस्ता ओलांडायला लागले की बनशंकरीचे बसवाले ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घ्यायचे. साहेब उजवीकडं बघत नसत, डावीकडं बघत नसत. छत्री भाल्यासारखी पुढं धरायची आन् थेट घुसायचं. एकदा मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून मागनं गेलो. ते पलीकडं पोचले. मी मधल्या दगडावर बसून राहिलो. शेवटी एका भाजीवाल्या अक्कानं हाताला धरून मला सोडलं, ते पण जिथनं निघालो तिथंच.

"मास्तर, गुजर मागं बघत नाही!" साहेब पलीकडनं ओरडले.

मास्तर म्हणजे मी. शाळेत दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी गुरुजींनीच बापाला सांगितलं, पोराला कुठंतरी कामाला लावा. निपाणीहून इकडं या कानडी शहरात आलो, शिलाई शिकलो, तर लोक मास्तर म्हणाया लागले. आकडे तेवढे वाचतो, ते टेपच्या कृपेनं. अक्षरांची आन् माझी अजून ओळख नाही.

साहेब सरकारी कारखान्यातनं फोरमन म्हणून रिटायर झालेले. बायको वारलेली. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकटे राहायचे. रोज सकाळी खाली येऊन स्टुलावर बसायचे, एक कॉफी आम्ही दोघांत घ्यायचो. कोण नवीन गिऱ्हाईक आलं की ओळख ठरलेली. "गुजर. गुजराती नव्हे. सरनौबत गुजरांच्यातले." सरनौबत म्हणजे महाराजांचे सेनापती, फक्त सहा स्वार बरोबर घेऊन अख्ख्या फौजेवर तुटून पडले ते. गिऱ्हाईक बिचारं ब्लाउजला अस्तर लावायला आलेलं. ते म्हणायचं, "हो का? आमच्या शेजारी पण गुजरातीच आहेत." की साहेब कॉफी अर्धी टाकून वर. त्या उरलेल्या कॉफ्यांवर माझं पोट सुटलं.

एका वर्षी साहेबांनी ठरवलं, शिवजयंतीच्या मिरवणुकीत सात घोडेस्वार काढायचे. सातही अस्सल गुजर. टेलिफोन डिरेक्टरी मांडीवर घेऊन त्यांनी गावातले गुजर हुडकले आन् माझ्या दुकानात मुलाखती सुरू केल्या. साहेब कुळ विचारायचे, मी छाती मोजायचो.

पहिला आला खानदेशचा, बँकेत कारकून. तो म्हणाला, आमचेच गुजर खरे, बाकीचे नंतरचे. साहेबांचं आन् त्याचं एवढं जुंपलं की मी त्याची कंबर दोनदा मोजली आन् दोनदा वेगळी आली. दुसरा नागपूरचा, कॉम्प्युटरवाला पोरगा. "काका, हेल्मेट मिळेल ना?" म्हणाला. तिसरा राजस्थानचा, फरशी पॉलिश करणारा. बेळ्ळंदूर तळ्याकाठी त्यानं दोन म्हशी पाळलेल्या.

"कुल कौनसा?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"गुज्जर हैं साहब. बाप-दादा ढोर चराते थे. आपके भी चराते होंगे."

 माझी कात्री थांबली. साहेबांनी मिशी कुरवाळली आन् म्हणाले, "म्हैस सांभाळणारा घोडा सांभाळील. घे रे माप."

उरलेले दोघं मीच आणले, आनेकलच्या फॅक्टरीतले. ते गुजर नव्हतेच. साहेबांनी आडनाव विचारायच्या आत मी दोघांना फेटे बांधून टाकले. साहेब धरून सहा झाले. सातवा कोण, ते साहेब बोलेनात. मला वाटलं, आता आपलाच नंबर. हळूच माझ्या मापाचा एक अंगरखा बेतून ठेवला. कापड इतकं लागलं की दोन सेनापती झाले असते.

एका सकाळी मी सहज विचारलं. "साहेब, सरनौबत सहाच माणसं घेऊन का गेले? स्वल्प थांबले असते, तर मागनं फौज आली असती की."

"महाराज रागावले होते. पकडलेल्या शत्रूला यांनी सोडून दिलं. महाराजांनी लिहिलं, त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय तोंड दाखवू नका."

"आन् सरनौबत मेल्यावर महाराजांना काय वाटलं असेल हो? लिहून तर बसले होते."

साहेब उठले. त्या दिवशी कॉफी अर्धी नाही, अख्खी राहिली. मी प्यालो, पण गोड लागली नाही.

शेजारच्या औषधवाल्या कुलकर्ण्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे शहाण्या, साहेबांना पोरगा आहे, संजू. चार वर्षांमागं त्यानं गुजराती पोरीशी लग्न ठरवलं. साहेब म्हणाले, तोंड दाखवू नकोस. पोरगा गेला सुरतेला, लग्न पण तिकडंच केलं. मी एकदा साहेबांना म्हणलं, तुमच्या लोकांनी सुरत दोनदा लुटली, सुरतेनं एकच पोरगा नेला, तुम्हीच पुढं आहात. तेव्हापासनं ते डोकेदुखीची गोळी पण लांबच्या दुकानातनं आणतात."

दुसऱ्या दिवशी साहेब एक जुना शर्ट घेऊन आले. कॉलेजच्या पोराचा.

"सातवा अंगरखा या मापाचा शिव."

"साहेब, हा शर्ट चार वर्षांमागचा. माणूस भरतो."

"मग ठेव की आत कापड. मास्तर तू का मी?"

दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवून मी शिवला. माझा अंगरखा उसवला, त्यात दुकानाचे पडदे झाले.

मग साहेबांनी एक पाकीट आणलं. "तुला वाचता येत नाही ना? मग तूच टाक पेटीत. उत्तराला पत्ता तुझ्या दुकानाचा दिलाय." दोनदा पेटीपर्यंत माझ्या मागनं आले आन् दोनदा पाकीट परत घेतलं. तिसऱ्यांदा पण उठले, तेव्हा मी पळालो. माझं पोट आन् माझं पळणं. अख्खी गल्ली बाहेर आली बघायला.

मिरवणुकीचा दिवस आला, उत्तर आलं नाही. साहेबांनी तरी सातच घोडे आणले. सहांवर माणसं, सातवा मोकळा, त्याची दोरी माझ्या हातात. घोडे होते लग्नाच्या वरातीचे. बँड वाजला की नाचायचे. कॉम्प्युटरवाला घोड्याच्या गळ्यात पडून "काका, ब्रेक कुठंय?" ओरडत होता. साहेबांनी तलवार उपसली, "हर हर महादेव!" म्हणून टाच मारली, आन् घोडा दौडत जाऊन एका कल्याण मंटपाच्या दारात थांबला. सवय हो. मागनं बाकीचे पण येऊन रांगेत उभे राहिले. आत खरंच लग्न होतं. बायका आरती घेऊन बाहेर आल्या. सहा दाढी-मिशीवाले नवरदेव बघून त्यांची पण पंचाईत. शेवटी एका म्हातारीनं मोकळ्या घोड्याकडं बोट दाखवून साहेबांना विचारलं, "मदुमगा एल्लि?" म्हणजे नवरदेव कुठाय.

मला वाटलं, साहेब आता भडकणार. साहेबांनी तलवार म्यानात घातली आन् हळू म्हणाले, "बर्तान." येईल.

म्हातारीनं मोकळ्या घोड्यालाच ओवाळलं. घोड्यानं माझा फेटा खाल्ला.

आठ दिवसांनी दुकानात पाकीट आलं. साहेब स्टुलावर बसले. पाकीट फोडलं नाही, माझ्यापुढं धरलं.

"तू वाच."

"साहेब, मला कुठं येतंय?"

"वाच म्हणतो ना."

मी फोडलं. आत एवढीशी चिठ्ठी. उलटी धरली, सुलटी धरली. सगळे आकडेच.

"साहेब, येतंय की! छाती अडतीस. कंबर चौतीस. खांदा साडेसतरा. तुम्ही काय लिहिलं होतं?"

"माप पाठव म्हणून. दुसरं काही लिहायला जमलं नाही." साहेबांनी चिठ्ठी घेतली, आकड्यांवरनं बोट फिरवलं. "गेला तेव्हा छाती चौतीस होती."

खाली आणखी एक ओळ होती आकड्यांची, बारीक. मी वाचली. छाती वीस, अंगरख्याची उंची चौदा.

"हे चुकलंय साहेब. एवढं माणूस नसतं."

साहेबांनी ती बारीक ओळ पुन्हा बघितली. उठून दुकानाच्या दारात गेले, आन् मी पहिल्यांदा बघितलं, गुजरसाहेब मागं वळले.

"मास्तर," म्हणाले, "आठ घोडे मिळतील का रे? एक अगदी लहान."