एक जानेवारी ऐंशी

फोटो पहिला. मुलगी, फ्रॉकमध्ये. १ जानेवारी १९८०.

पोहे झाले, चहा झाला, आणि घोडेगावच्या श्रीमंतरावांनी उत्साहाच्या भरात जुना पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. लेक सुकन्या, वय चोवीस, आज पाहुण्यांना पसंत पडायची होती. तिचं लहानपण पाहून त्यांची मनं विरघळतील असा त्यांचा अंदाज. सात वर्षांची सुकन्या पडद्यावर आली. तिच्याखाली तारीखही आली.

मुलाची आत्या रतनबाई चष्मा पुसून पुढे सरकल्या. "पोरगी चोवीसची सांगितली ना तुमी?"

"व्हय."

"मग ऐंशी साली फ्रॉक घालून काय करतीय?"

श्रीमंतराव गडबडले. "ती... तिची मोठी बहीण असंल."

"एकुलती हाय म्हनला हुता."

सविताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने रिमोटचं बटण दाबलं.

फोटो दुसरा. बोअरला पाणी लागलं. १ जानेवारी १९८०.

फोटो तिसरा. घराचा स्लॅब. १ जानेवारी १९८०.

फोटो चौथा. सत्यनारायण. १ जानेवारी १९८०.

"एका दिसात बोअर, स्लॅब अन् पूजा," रतनबाई म्हणाल्या. "लई उरकाचं घर हाय."

"आत्या, सेल काढले की कॅमेऱ्याचं घड्याळ पुसलं जातं," सुकन्या म्हणाली. "त्याचं कॅलेंडरच ऐंशी सालापासून सुरू होतं, म्हणून तो परत तिथंच जातो. फोटो काढताना त्याला जी तारीख वाटते, तीच फाइलवर बसते. खरी का खोटी, कुणी विचारत नाही."

"अन् सेल काढायचं कोन?"

"हेच की," सविताबाई म्हणाल्या. "रात्री पाणी द्यायला जाताना कॅमेऱ्यातले सेल बॅटरीत. आल्यावर बॅटरीतले कॅमेऱ्यात. तारीख लावायचं कुनाला सुचतंय?" त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. "आता मला बी वाटतंय, समदं एकाच दिवशी झालं."

"शाळेचा दाखला दाखवतो," श्रीमंतराव उठले.

"तो बी कम्प्युटरनंच छापला असंल ना?"

श्रीमंतराव बसले. बसताना बटण पुन्हा दाबलं गेलं.

फोटो पाचवा. बैल, पायाशी फ्रॉकातली तीच मुलगी. १ जानेवारी १९८०.

मुलाचे वडील वैजनाथराव इतका वेळ गप्प होते. मुलगा ओम तर आल्यापासूनच. वैजनाथराव उठले आणि टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले.

"हा आमचा हरण्या हाय."

"मी बाजारात दलालाकडनं घेतला हुता," श्रीमंतराव म्हणाले.

"तितंच इकला मी. ट्रॅक्टर आला त्या साली." त्यांनी डाव्या शिंगाच्या मोडक्या टोकावर बोट ठेवलं. "हे माझ्या दारात मोडलं. कधी गेला?"

"चार वर्सं झाली. गोठ्यातच. त्रास न्हाई झाला त्याला."

वैजनाथरावांनी मान हलवली. बोट तिथेच राहिलं.

"ट्रॅक्टर आला तवा आपला ओम तिसरीत," रतनबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. "म्हंजी सतरा वर्सं झाली. फोटोत ही सातेक वर्सांची, म्हंजी चोवीसचीच निघती." त्यांचा आवाज जरा पडला.

"वयाचं ऱ्हाऊ दे, आक्का. हा परक्याला जवळ येऊ देत नव्हता. मला, मालकाला, शिंगावर घेतलंय त्यानं. अन् ही पोर त्याच्या पायात बसून भाकर खातीय." ते वळले. "आमाला पसंत हाय."

"मला अजून ठरवायचंय, काका," सुकन्या म्हणाली. "तोवर बसा. हरण्याचे अजून खूप फोटो आहेत."

ओमने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सगळे लावा," तो म्हणाला. "सावकाश."