रहाटावर उंट चितारिला त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास आणि वाणीच्या देवतेस हात जोडून, वाचणारांनी चूकभूल पोटात घालावी इतके मागून, जैसे कानी आले तैसे लिहिले असे. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, आश्विन मास. राज्याचे नाव सांगावयाची सोय नाही. त्या राज्यात दोन पक्ष, एक उंटाचे निशाणाचा आणि एक मोराचे निशाणाचा, आणि चाल ऐसी की दर चौथे वर्षी गावोगाव चावडीत चार घट मांडावे, दोन तख्ताचे आणि दोन सुभ्याचे, आणि दोहोंकडे एका घटावर उंट आणि एकावर मोर काढावा, मग प्रत्येक जाणत्या बायामाणसाने एक चिंचोका तख्ताचे घटात आणि एक सुभ्याचे घटात टाकावा, आणि ज्याचा घट अधिक भरेल त्याने गादीवर बसावे.

त्या राज्यात डोंगरपट्टीचा सुभा म्हणोन एक मुलूख. तेथील लोक पिढीजाद मोराचे. तख्ताचा चिंचोका मोराचे घटात पडावयाचा, त्यात कधी फरक नाही. परंतु सुभ्याचे घटाची गोष्ट निराळी. तेथे तीन खेपा उंटाचा घट काठोकाठ भरला आणि उंटपक्षाचे हैबतराव दहातोंडे सुभेदार जाहले. गृहस्थ बडबडा, तापट, परंतु मनाचा साफ आणि कामास वाघ. त्या मुलखात पायविहिरी. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहत, तेणेकरून नारूचा रोग पसरे, आणि ऐन पेरणीचे दिवसांत घरचा कर्ता माणूस पाय धरून आडवा होई. हैबतरावांनी पायऱ्या बुजविल्या, वर रहाट बसविले, आणि जेथे रहाट बसला तेथला नारू गेला. एकोणतीस गावे उरकली, अकरा राहिली, आणि ती पुढील मुदतीत उरकावी याखेरीज त्यांस दुसरा ध्यास नव्हता.

ऐसे असता उंटपक्षाचे थोरले सरकार, जे तख्तासाठी उभे होते, त्यांचे पत्र आले की, "तुमचे सुभ्यात तुमचा घट भरतो आणि आमचा रिकामा राहतो, हा चमत्कार काय? आमचे मनात किंतु आला आहे. येते खेपेस दोन्ही घटांचा मेळ बसवावा, न बसल्यास तुम्ही आतून कोणाचे हे आम्ही समजून घेऊ." पत्र वाचिले आणि हैबतरावांचे चित्त उडाले. पानावर बसावे तो उठावे, घोडा आणवावा आणि परत पाठवावा, सदरेवर येरझाऱ्या घालून जाजम झिजविले. फडणीस नारोपंत, चाळीस वर्षे दफ्तर सांभाळून पिकलेले, ते हळूच बोलिले, "रावसाहेब, घट भरतो आहे, भरू द्यावा. का भरतो हे कोणास पुसू नये." हैबतराव उसळले, "कसे पुसू नये? माझे इमानावर डाग आला, नारोपंत! आणि सुभेदारीचे पागोटे गेले म्हणजे त्या अकरा गावांस रहाट कोण देणार?"

मग तैसेच निघाले ते बोरवंड गावी विहिरीवर गेले. तेथे तुळजाबाई कोष्टीण म्हणोन म्हातारी रहाटावर पाणी ओढीत होती. तिला पुसिले, "आजी, सुभ्याचा चिंचोका कोणाचे घटात टाकता?"

"तुमच्याच की, रावसाहेब. दुसऱ्या कुनाच्या टाकू?"

"आणि तख्ताचा?"

"मोराच्या. सासरा टाकीत आला, मालक टाकीत आले."

"अहो, पण थोरले सरकार आणि मी एकाच निशाणाचे!"

म्हातारी हसली. "आसाल बापा. तख्त लई लांब. तिथं कोन बसलं ते आमी बघाया जातो व्हय? ते कुळाच्या देवावानी, बदलायचं नसतं. तुमचं तसं न्हाई. माज्या नातवाला नारू झाला तवा तुमी सोता दोन दीस उन्हात बसून पायऱ्या बुजवून घेतल्या. वैद्य घरात घेताना त्याचा देव कोनता, कुनी इचारतं का?"

दुसरा कोणी असता तर इतके ऐकोन सुखाने घरी जाऊन जेविला असता. हैबतरावांस मात्र ते झोंबले. तीन मुदती राबलो आणि आपण कोणाचे हेही यांस ठाऊक नाही, ऐसे मनी घेऊन, परत येताच हुकूम सोडिला की, एकूण एक रहाटावर उंट चितारावा आणि खाली 'थोरले सरकार यांचे कृपेने' ऐसी अक्षरे घालावी. नारोपंतांनी लेखणी खाली ठेविली आणि म्हणाले, "रावसाहेब, पाण्यावर निशाण काढू नका. आजवर ते पाणी कोणाचेच नव्हते, म्हणोन सगळे पीत होते."

"लिहा!" म्हणोन हैबतराव गरजले.

मग आठ दिवसांत एकोणतीस उंट जाहले. डोंगरपट्टीत उंट कोणी पाहिला नव्हता, म्हणोन चिताऱ्यांनी बैल काढून माना लांबविल्या. लोक प्रथम हसले, आणि मग चावडीवर बोलणे निघाले की, मोराचे घरात उंटाचे पाणी कैसे भरावे, आणि व्याही व्याह्यास टोमणे मारू लागले, आणि घरोघरचे कारभारी बायकांस दटावू लागले, आणि कित्येक बायका रहाट सोडून ओढ्याचे डबक्यावर जाऊ लागल्या. ते पाहून हैबतरावांचा जीव खालीवर जाहला. गावोगाव फिरून समजावू लागले, आणि समजाविता समजाविता तापले, आणि तोंडातून गेले की, "ते आणि मी एकच! मी हवा तर दोन्ही चिंचोके उंटास टाका!" लोकांनी माना डोलाविल्या. त्यांस वाटले, समजले.

कार्तिकात घट मोजिले. तख्ताचा घट मोराचा, जैसा नेहमी. सुभ्याचा घटही मोराचा. थोरले सरकार इतर मुलखांचे बळावर तख्तावर बसले, त्यांस या सुभ्याची गरजही लागली नाही. डोंगरपट्टीस नवे सुभेदार आले, त्यांचे नाव लोक एकमेकांस पुसत होते. त्यांनी रहाटावर उंट पाहिला, आणि हे काम त्या पक्षाचे म्हणोन जैसे होते तैसे टाकिले.

मग एके सकाळी हैबतराव एकटेच बोरवंडास गेले आणि विटेचा तुकडा घेऊन रहाटावरील उंट खरवडू लागले. तुळजाबाई ओढ्याकडून घागर घेऊन येत होती, ती थबकली. हैबतरावांनी वर न पाहता पुसिले, "आजी, माझा चिंचोका कोठे टाकिला?"

"मोराच्या," म्हातारी म्हणाली आणि पदर डोळ्यांस लाविला. "तुमीच म्हनाला, दोगं एकच. मग म्या देव कसा बदलू, रावसाहेब?"

हैबतरावांनी वीट खाली ठेविली. इतक्यात जासूद थोरल्या सरकारांचे पत्र घेऊन आला. आत लिहिले होते, "दोन्ही घटांचा मेळ बसला. तुमचे इमानाविषयी किंतु होता तो समूळ फिटला. बहुत संतोष जाहला." हैबतरावांनी पत्र वाचिले, घडी घातली, आणि पुनः वीट उचलिली. मग म्हातारीची घागर घेऊन ओढ्याचे पाणी ओतून टाकिले आणि स्वहस्ते रहाट ओढून ती भरून दिली. तिने चारी बाजूंस पाहिले आणि मग ती डोईवर घेतली.

येणेप्रमाणे हैबतराव दहातोंडे यांची सुभेदारी. तीन मुदती नीट चालली, चौथीस इमान शाबीत करावयास गेले आणि बुडाली. अकरा गावांच्या पायऱ्या तैशाच आहेत. यंदाचे मृगात तेथे दीडशे माणसे पाय धरून बसली, त्यांत उंटाचे किती आणि मोराचे किती हे कोणी मोजिले नाही.